टोळ आणि बगळा

माझी बायको गेली तेव्हा बर्फावरच्या नाचाचा निकाल लागायचा बाकी होता. गड्यांचा नाच. पायात पाती लावलेले बूट घालून बर्फावर घसरत गाण्यावर नाचतात आणि मधीमधी उडी मारून हवेत गिरक्या घेतात, ती स्पर्धा. पहिल्या दिवशीचा छोटा नाच झाला होता. मोठा नाच दोन दिवसांनी होता. त्यात कोण जिंकणार ह्यावर आमचं भांडण लागलं होतं, आणि ते भांडण अर्ध्यात टाकून ती गेली. बाकी तिचं काही अर्धं राहिलं नव्हतं. पोरांची लग्नं झाली होती, नातवंडं मांडीवर खेळवून झाली होती. राहिला तो एवढा निकाल.

हे कोणाला सांगितलं की हसतात. हसू द्या.

तिला हा नाद लागला तो पडल्यापासून. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. परभणीच्या दवाखान्यात सळई घातली, पण नीट चालणं काही परत आलं नाही. दारापर्यंत जायचं तरी माझा खांदा लागायचा. ज्या बाईला मी उभ्या जन्मात दिवसा आडवी झालेली बघितली नाही, तिची बाज पुढच्या खोलीत आली आणि बाजेसमोर टीव्ही. सुरुवातीला ती मालिका बघायची. चार महिन्यांत कंटाळली. म्हणाली, "एकीची सासू मरंना, दुसरीचं लगीन होईना. बदला ते."

मग रिमोट माझ्याकडं आला. मला कुस्ती लागते, नाहीतर कबड्डी. एका दुपारी कबड्डी लागायची वाट बघत बसलो होतो तर समोर नुसतं पांढरं. मला वाटलं टीव्ही बिघडला. मग त्या पांढऱ्यात एक गडी आला. अंगात चमचमतं झिरझिरीत, गळा पार छातीपर्यंत उघडा.

"ह्यो काय अवतार म्हणावा," ती म्हणाली. "तमाशातला नाच्या दिसायलाय."

मी बदलायला गेलो तर म्हणाली, "थांबा ना. पाय बगा त्याचे."

पाय खरंच बघण्यासारखे होते. चालत नव्हता, पळत नव्हता, तरी जायला लागला होता. तिनं त्या दिवशी मला कबड्डी लावू दिली नाही.

तिथून पुढं हिवाळ्यात जवळजवळ रोज दुपारी आमचं तेच. बोलणारे लोक इंग्रजीत बोलायचे. मी चौथी शिकलेला, ती शाळेत गेली ती भावाला डबा द्यायला. त्यामुळं नावं कळायची नाहीत. देश झेंड्यावरून ओळखायचो, तेही कधी बरोबर तर कधी नाही. म्हणून आम्हीच नावं ठेवली. एक होता जावई, कारण तो सारखा रुसल्यासारखा दिसायचा. एक होता पोलीसपाटील, मिशीवरून. माझा आवडता होता टोळ. पोरगं वीस-एकवीसचं असेल, अंगानं काटकुळं, पण उडी मारली की हवेत चार गिरक्या घेऊन एका पायावर उतरायचं. चार! डोळ्यानं मोजता यायच्या नाहीत. नंतर ते सावकाश दाखवतात तेव्हा कळायचं. तिचा आवडता होता बगळा. लांब मानेचा, पांढरा सदरा, वयानं सगळ्यांत मोठा. तीस-बत्तीस म्हणजे त्या खेळात म्हातारा. उजव्या गुडघ्याला पट्टी बांधलेली कपड्यातून फुगून दिसायची. बगळा चारच्या भानगडीत फारसा पडायचा नाही. तीन गिरक्या घ्यायचा, पण नांगरामागं बगळे येतात तसा घाई न करता यायचा.

मधी एक मशीन येऊन बर्फाला पाणी मारून सपाट करतं. वखरून झाल्यावर रान दिसतं तसं ते दिसायचं. मला ते मशीन बघायला लय आवडायचं. ती म्हणायची, "माणसं नाचतेत तवा तुमी तंबाखू मळता, आन् मशीन आलं की डोळे फाडून बगता."

मुलगा सेलूला जिनिंगमध्ये कामाला आहे. सुट्टीला आला की मोबाईलमध्ये बघून आम्हाला नियम सांगायचा. दोन तऱ्हेचे मार्क असतात म्हणे. एक केलं काय त्याचे. कोणती उडी, किती गिरक्या, उतरला कसा. दुसरे केलं कसं त्याचे. गाण्यावर आहे का, हात कसे, घसरण कशी, एकंदर नाच झाला का नुसती धावपळ झाली. दोन्हींची बेरीज करतात.

इथंच आमचं फाटलं.

माझं म्हणणं एकच. मोजता येतं तेच खरं. गड्यानं चार गिरक्या घेतल्या म्हणजे घेतल्या. कुस्तीत पाठ टेकली म्हणजे टेकली, तिथं पंचाला काय आवडलं हे कोणी विचारत नाही. एकदा का आवडीला मार्क द्यायला लागलात की पंचाचा भाचा पहिला येतो. हे मी गावच्या जत्रेत बघितलेलं आहे, भजनाच्या स्पर्धेत. आणि दुसरं म्हणजे, त्या उडीत जीव जातो. बर्फ म्हणजे काय गादी आहे का? आपटलं की हाड मोडतं. जो एवढा जीव धोक्यात घालतो त्याला जास्त मिळालंच पाहिजे.

तिचं म्हणणं वेगळं. ती म्हणायची, "तुमचा टोळ उडी मारायच्या आधी त्याचं तोंड बगा. दवाखान्यात सुई टोचायच्या आधीचं तोंड. त्याला तवा गाणं ऐकू येत न्हाई."

मी बघितलं. खोटं नव्हतं. टोळ उडीच्या आधी लांबवर सरळ जायचा, हात आखडून, दात आवळून. गाणं आपलं चाललेलं, हा आपला चाललेला. उडी झाली की पुन्हा आठवण आल्यासारखा दोन हात हलवायचा.

"अगं, चार गिरक्या घ्यायच्यात," मी म्हणायचो. "तोंड वाकडं होणारच."

"मग तोंड वाकडं करायची स्पर्धा ठिवा."

"तुझा बगळा चार घेतो का?"

"त्याला गरज न्हाई."

"त्याला येत न्हाई, असं म्हण."

"तुमाला गाता येतं का? मग बोलू नका."

असं चालायचं. कापूस वेचण्यात तिचा हात गावात कोणाला लागायचा नाही. तिला बघताना वेचते आहे असं वाटायचंच नाही. बोंडाकडं बघायचीसुद्धा नाही, शेजारणीशी बोलत चालायची, दोन्ही हात दोन ओळींत, आणि ओटी भरत जायची. कापसात काडी नाही, पाला नाही. त्यामुळं तिला बगळ्याचं काय आवडतं ते ती त्याच भाषेत सांगायची. "उघडलेल्या बोंडातून कापूस कसा येतो? वढावा लागत न्हाई. त्याची उडी तशी येती. तुमचा टोळ बोंडासकट तोडून घेतो."

"पण ओटी त्याचीच आधी भरती ना?"

"भरू द्या. त्यो कापूस घेणाऱ्याला इचारा."

एकदा मी चिडून म्हणालो, दिसण्याला मार्क कशानं मोजायचे ते तरी सांग. ती म्हणाली, "मला पसंत केलं तवा तुमी काय मोजलं होतं?"

"काही न्हाई. तुझा बाप म्हणाला पोरगी कामाची हाय. मी म्हणालो, बरं."

"आन् मी दारामागून तुमाला बगितलं होतं. मायला म्हणले, चालतो कसा बाई ह्यो, चिखलात रुतल्यावानी."

"मग हो कामून म्हणालीस?"

"तीच चाल पुन्ना पुन्ना बगावी वाटली म्हणून."

मी तंबाखू मळली.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते टोळ दोनदा पडला त्या दिवशी. दोनदा आपटला, ढुंगणावर, आणि तरीही मार्कांत बगळ्याच्या वर गेला. मुलगा त्या दिवशी घरी होता. त्यानं समजावलं की पडला तरी गिरक्या पुऱ्या झाल्या असतील तर त्या उडीचे थोडे मार्क पदरात पडतात, पडल्याचा दंड कापून. तिला ते पटेना. दुपारभर बोलली नाही. भाकरी दिली तर भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळी चहा घेताना एकदम म्हणाली, "पडल्यावर मार्क देतेत म्हणता. मग मी न्हाणीत पडले, मला कामून न्हाई दिले?"

मुलगा हसावं का नाही ह्या विचारात माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "तुझ्या गिरक्या पुऱ्या झाल्या न्हाईत."

मग ती हसली ती हसलीच. डोळ्याला पदर लावून हसली. बाज हालायला लागली. आम्हाला वाटलं खुब्याची सळई निघते की काय.

तर त्या हिवाळ्यातली ती मोठी स्पर्धा. सगळ्या जगातले आलेले. बगळ्याचं हे शेवटचं, असं मुलानं मोबाईलमध्ये वाचून सांगितलं होतं. छोट्या नाचात टोळ पहिला आला. बगळा आठवा. पण तो आठवा असा काही नाचला की मलाही तंबाखू मळायचं सुचलं नाही. हे मी तिला बोललो नाही. ती नुसती बाजेवर उठून बसली होती, हात जोडल्यासारखे धरून. झाल्यावर म्हणाली, "आठवा म्हणं. ह्यांचे डोळे फुटलेत."

"चार न्हाई घेतल्या त्यानं."

"तीन दिसांनी बगा. मोठ्या नाचात तुमचा टोळ दमतो. दम गेला की उड्या जातेत. नाच जात न्हाई."

"तीन दिसांनी बघू."

"बगूच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा घेतला, बशीतला. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय म्हणाली. शेजारचा रिक्षा काढायला गेला. रिक्षा दारात येईपर्यंत झालं होतं. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि तो हात कधी वेगळा झाला ते मला कळलं नाही. त्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

माझी मोठी बहीण आली. आक्कानं आमच्याकडचं सगळं करणं-सवरणं आयुष्यभर बघितलेलं आहे, तिच्यापुढं कोणी बोलत नाही. पहिलं काम तिनं काय केलं, तर टीव्हीवर चादर टाकली. सुतकात टीव्ही लावायचा नाही. हे सगळ्यांनाच माहीत आहे, मलाही माहीत आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, अंघोळी झाल्या, शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली. दुपार झाली. मी टीव्हीसमोर बसलो. बाज उभी करून भिंतीला लावली होती, म्हणून खाली बसलो.

आक्का म्हणाली, "काय बगायलास?"

"चादर."

"चादरीत काय हाय?"

"आज निकाल हाय, आक्का. अर्धा घंटा लावू का? आवाज बंद करून."

आक्काला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कपाळाला हात लावला. "आरं, माणसं बसायला यायलेत. बायकू जाऊन तीन दिस न्हाई झाले आन् म्हातारा नाच बगायलाय म्हणतील. गड्यांचा नाच! जीभ कशी रेटती रं तुझी?"

तिचं चूक नव्हतं. मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, मोबाईलमधी निकाल येतो. बघून सांगू का नुसता?"

मी म्हणालो, "सांगू नको."

नुसता निकाल ऐकायला तो काही बाजारभाव नाही. कोण पहिला एवढंच कळून काय उपयोग? आम्ही कधी निकाल ऐकला नव्हता. बघितला होता. बघायचं, भांडायचं, मग मार्क यायचे, मग परत भांडायचं. मधलं सगळं सोडून शेवटचं तेवढं मी एकट्यानं कानात घालून घेणार नव्हतो. त्या दिवसांत माणसं यायची, बसायची, मरणाच्या गोष्टी काढायची, चहा घ्यायची, जायची. मी हं हं करायचो.

दहावा गंगाखेडला, गोदावरीच्या काठी. आम्ही जीप करून गेलो. मुलाचं डोकं तासलेलं, उन्हात लाल झालेलं. मुलगी पालमहून आली होती, जावयासोबत. आक्का होतीच. गुरुजींनी सगळं सांगितलं तसं मुलानं केलं. भाताचा पिंड ठेवला, वर दही, बाजूला तिला आवडायची म्हणून शेंगदाण्याची चटणी. मग सगळे लांब सरकून बसले. आता कावळा शिवायची वाट.

कावळे होते. चांगले दहा-बारा होते, समोरच्या भिंतीवर. एकमेकांची पिसं ओढत होते. शेजारी दुसऱ्या कोणाचा पिंड होता, तो ठेवल्याबरोबर खाऊन मोकळे झाले. आमच्याकडं एकही येईना.

कावळा शिवला नाही की आमच्याकडं समजतात, गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली. मग एकेकानं पुढं होऊन वचन द्यायचं असतं. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबाचं सगळं मी बघीन. एकटं ठेवणार न्हाई." कावळे जागचे हालले नाहीत. मुलगी रडत रडत म्हणाली, "माय, तुझी गोधडी मी नेते, टाकू देणार न्हाई." काही नाही. जावई बिचारा कोणी सांगितलं नसताना उठला आणि म्हणाला, "मामी, दारू सोडली मी." मुलीनं त्याच्याकडं बघितलं. ते तिलाही नवीन होतं. कावळ्याला पटलं नाही. आक्का पुढं झाली, पदर पसरून म्हणाली, "माझं बोलणं कडू असंल, पर मन कडू न्हवतं गं. ये आता."

ऊन चढलं. गुरुजींना पुढची माणसं उभी होती. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू या, तेही शास्त्रात चालतं.

मला मात्र माहीत होतं काय राहिलंय. आल्यापासूनच माहीत होतं. आक्काच्या भीतीनं बसलो होतो, आणि दुसरं म्हणजे मला स्वतःलाच निकाल माहीत नव्हता. न बघता तिला काय सांगणार?

मी मुलाला बाजूला घेतलं. "लाव ते."

"काय?"

"बर्फ. दोघांचे लाव, बगळ्याचा आन् टोळाचा. मोठा नाच."

"बाबा, इथं?"

"मग कुठं? तिला इथं सांगायचंय ना?"

त्यानं आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, "ह्याचं डोस्कं फिरलं." पण गुरुजींना ती म्हणाली, "जरा थांबा महाराज." तेवढं तिनं केलं. ते मी विसरणार नाही.

घाटाच्या पायरीवर बसलो. मुलानं उपरणं डोक्यावरून पुढं ओढून सावली केली आणि मोबाईल धरला. आवाज बंद ठेवला, घाटावर गाणं कुठं लावायचं म्हणून. एवढ्याशा काचेवर एवढासा बगळा. तो आला, उभा राहिला, हात वर केला.

मी त्याला तिच्यासारखं बघायचं ठरवलं होतं. हात बघायचे, तोंड बघायचं. आवाज बंद होता, तरी गाणं कुठं चढतंय आणि कुठं उतरतंय ते त्याच्या खांद्यावरून कळायला लागलं. मला नवल वाटलं. इतक्या दुपारी आवाज लावून बघितलं, तेव्हा हे कधी दिसलं नव्हतं. आणि मग मध्यावर तो लांबवर सरळ निघाला. हात आखडले. दात आवळले. मी म्हणालो, "अरे, ह्यो काय करायलाय?"

बगळ्यानं चार गिरक्यांची उडी मारली. शेवटची स्पर्धा होती, त्याच्या मनात काय आलं देव जाणे. हवेत चारही घेतल्या असतील, पण उतरताना तो पट्टीचा पाय टिकला नाही. आपटला. लांबपर्यंत घसरत गेला. पांढऱ्या सदऱ्याला बर्फाचा चुरा लागला. उठला तेव्हा हसत होता, पण त्यानंतर नाच काही त्याच्या अंगात परत आला नाही. अकरावा आला.

मुलगा म्हणाला, "अरेरे."

मग टोळ. आधी नेहमीचं. सरळ जायचं, उडी, चार. परत सरळ, उडी, चार. मी मनातून खूश झालो, खोटं कशाला बोलू. मधी एक उडी हवेतच उघडली आणि नुसती एक गिरकी झाली. तिथं त्याचं तोंड पडलं. वाटलं, आता हा गेला, ती म्हणाली होती तसा दम संपला. शेवटची एक उडी राहिली असणार, कारण तो तिकडं वळला होता. पण त्यानं ती घेतलीच नाही. का ते मला माहीत नाही. पाय दुखला असेल, नाहीतर पुढं आहोत म्हणून कशाला धोका, असा हिशोबही असेल. उडी सोडली आणि तो नुसता नाचला. पोरगं दमलेलं होतं, छाती वरखाली होत होती, आणि हात असे सैल सुटले होते की जणू कोणी त्याच्या मुठी उघडून दिल्या. शेवटपर्यंत तो कुठंच आखडला नाही. मी इतक्या दुपारी त्याला बघितलं, हा पोरगा मी कधी बघितला नव्हता.

पहिला तोच आला.

मुलगा मोबाईल खिशात टाकत म्हणाला, "बाबा, आईला सांगा बगळा जिंकला म्हणून. तिला बरं वाटंल. तिला कुठं कळायलंय."

मी म्हणालो, "तिला कळत नसंल तर मग पिंड कशाला ठेवला?"

एवढं म्हणून मी उठलो, पण लगेच पिंडाकडं गेलो नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना लय वाईट बोललो, पण खोटं कमी बोललो. आता ह्या टोकाला येऊन तिला गोड लावायचं? आणि खरं सांगायचं तर ते असं, की तिचा बगळा माझ्या टोळासारखा वागायला गेला आणि पडला. ती हे ऐकून गेली तर रुसून जाईल. कावळा शिवणारच नाही, दर्भाचाच करावा लागेल, आणि गावभर होईल की बाईची इच्छा राहिली.

पिंडापासून थोडं लांब उकिडवा बसलो. सगळे ऐकत होते. मला लाज वाटली नाही.

"ऐक," मी म्हणालो. "मोठा नाच झाला. मी आत्ताच बघितला, आधी बघितला न्हवता. तुझा बगळा पडला. चार घ्यायला गेला आन् आपटला. अकरावा आला."

माझं एवढं बोलून होतंय तोवर भिंतीवरून एक कावळा खाली आला. दोन उड्या मारत, मान तिरकी करून पिंडाशी गेला आणि चोच मारली. मागून दुसरा आला, तिसरा आला.

सगळे एकदम उठले. मुलीनं हुंदका दिला, जावई हात जोडून उभा राहिला. आक्का म्हणाली, "शिवला गं बाई, शिवला!" आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "असं काय म्हणालास रं तू?" गुरुजी म्हणाले, चला, आता अंघोळी करून घ्या. सगळ्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसायला लागलं. जो तो पिशव्या आवरायला लागला.

मला मात्र राग आला. कावळ्याचा. एवढी कसली घाई? बगळा पडला तेवढंच ऐकून हा खायला लागला. तिनं एवढ्यावर कधी सोडलं असतं का? पडला तर कसा पडला, कोणत्या पायावर, उठल्यावर तोंड कसं होतं, हे तिनं दहा वेळा विचारलं असतं. आणि टोळाचं तर मी अजून काढलंच नव्हतं. ती नेमकं जे म्हणत होती ते टोळानं शेवटी करून दाखवलं, आणि चार गिरक्या घेऊनच पहिला आला. ह्यात तिचं खरं का माझं खरं, हे मला एकट्याला ठरवता येईना. त्याला समोर दुसरं माणूस लागतं.

म्हणून मी उठलो नाही. कावळे खात होते. मी त्यांच्याकडं न बघता पिंडाच्या दिशेनं सांगायला लागलो. बगळा हसत उठला ते सांगितलं. सदऱ्याला बर्फ लागला होता तो झटकला नाही, ते सांगितलं. आवाज बंद होता तरी त्याच्या खांद्यावरून गाणं कळत होतं, हे सांगितलं. ते मी हळू आवाजात सांगितलं, कारण ते तिच्या बाजूचं होतं. मग टोळाचं सुरू केलं.

"बाबा, चला," मुलगा मागून म्हणाला. "पुढची माणसं थांबलेत."

"थांबू दे," मी म्हणालो. "त्यानं शेवटची उडी सोडली, तिथपर्यंत आलोय."